पटाचे बैल, वखराचे बैल: पातळ लॅपटॉप कसा पारखावा

मे महिन्यातली दुपार होती. वर टिनाचं छप्पर, बाहेर 45 अंश, आणि खोलीतला पंखा गरम हवाच गोल गोल फिरवत होता. माझ्या सेवा केंद्रात बाकावर सहा-सात जण बसलेले, हातात सातबारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक. सकाळी दहा वाजता माझा नवाकोरा पातळ लॅपटॉप झपाझप कामं उरकत होता. कागद स्कॅन केला, पीडीएफची साइज कमी केली, पोर्टलवर चढवली, की पुढचा माणूस. बारा वाजता तोच लॅपटॉप असा झाला की मी नाव टाईप करून मोकळा व्हायचो आणि अक्षरं मागाहून एकेक करून उमटायची. लाईन होती, नेट होतं, पोर्टलही सुरू होतं. बाकावरच्या एका आजोबांनी विचारलं, "काऊन जी, सकाळी त हा पटाच्या बैलावानी पळत होता, आता काऊन बसला?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पण त्यांच्या प्रश्नातच ते होतं. शंकरपटात बैलजोडी काही सेकंद जीव तोडून पळते आणि शर्यत संपते. वखराला जुंपलेली जोडी पहाटेपासून ऊन चढेपर्यंत एका चालीनं चालते. दोन्ही बैल चांगलेच, पण दोघांची पारख वेगळी. लॅपटॉपच्या डब्यावर जो वेग छापलेला असतो तो पटाचा वेग आहे. आपलं रोजचं काम वखराचं आहे. पातळ लॅपटॉप घेताना हा फरक सगळ्यात जास्त नडतो, आणि आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्यात तर दुप्पट नडतो. तो का नडतो, हे आधी नीट समजून घेऊ.

प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचा मेंदू. तो जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. उदाहरणासाठी इंटेलचा कोअर आय-5 1235यू घ्या, पातळ लॅपटॉपमध्ये बराच वापरला गेलेला प्रोसेसर. त्याची मूळ वीजमर्यादा 15 वॅट. पण काम अंगावर आलं की तो थोड्या वेळापुरता 55 वॅटपर्यंत खेचू शकतो आणि तेव्हाच 4.4 गिगाहर्ट्झपर्यंत पोचतो (गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या वेगाचं माप). याला टर्बो म्हणतात. हा जोर किती वेळ टिकू द्यायचा, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. बहुतेक वेळा ती मुदत सेकंदांत मोजण्याइतकीच असते. डब्यावर 4.4 छापतात. त्या 15 वॅटवर तो दिवसभर कितीनं चालेल, हे कुठंच छापलेलं नसतं.

आता ही उष्णता बाहेर कशी जाते ते पाहा. प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी नळी बसवलेली असते. तिच्या आत अगदी थोडं पाणी असतं आणि हवा काढून टाकलेली असते. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, ती वाफ थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते, आणि ते पाणी आतल्या जाळीतून परत येतं. माठ जसा पाणी उडून गेल्यानं गार होतो, तसंच हे. फक्त इथं पाणी बाहेर न जाता आतल्या आत फिरत राहतं. थंड टोकाला पातळ पत्र्यांची फणी असते आणि तिच्यावर पंखा हवा फेकतो. जाड लॅपटॉपमध्ये ही फणी मोठी, पंखे दोन. पातळमध्ये फणी बोटभर आणि पंखा बिस्किटाएवढा. काही पातळ लॅपटॉपना तर पंखाच नसतो.

फणीतून किती उष्णता बाहेर जाईल, हे ढोबळमानानं आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. इंटेलचे बरेचसे लॅपटॉप प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास पोचले की स्वतःहून वेग कमी करतात, जळू नये म्हणून. खोली 25 अंशांची असेल तर फरक 75. खोली 45 अंशांची असेल तर फरक 55. म्हणजे जी फणी एसीच्या खोलीत 20 वॅट उष्णता बाहेर टाकत होती, ती आपल्या टिनाखाली 15 वॅटसुद्धा पुरती टाकू शकत नाही. यंत्र तेच, पंखा तोच, पण पाव हिस्सा ताकद निव्वळ उन्हानं खाल्ली. शिवाय हाताला चटका बसू नये म्हणून अनेक लॅपटॉप बाहेरची बॉडी तापली तरी वेग उतरवतात. आपल्याकडे मे महिन्यात बॉडी चालू करण्याआधीच 40-42 अंशांवर असते.

ॲपल आपल्या मॅकबुकसाठी वापरायच्या जागेचं तापमान 10 ते 35 अंश सांगतं. बाकीच्या कंपन्यांच्या कागदांतही 35 हाच आकडा वारंवार दिसतो. एप्रिल-मेमध्ये अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे दुपारी सावलीतसुद्धा ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते. मोबाइलवर जी परीक्षणं आपण बघतो, ती बहुतेक एसीत बसून केलेली असतात. त्यांचे आकडे खोटे नसतात, ते फक्त आपल्या खोलीचे नसतात.

पातळ म्हणजे वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. 2008 साली ॲपलनं पहिला मॅकबुक एअर कागदाच्या पाकिटातून काढून दाखवला. वजन 1.36 किलो. तेव्हा ते नवल होतं, पण आत सावकाश फिरणारी छोटी हार्ड डिस्क होती आणि यंत्र लवकर दमायचं. 2011 मध्ये इंटेलनं अल्ट्राबुक हे नाव आणलं आणि विंडोजवाले पातळ लॅपटॉप पसरले. 2020 च्या नोव्हेंबरात एम1 प्रोसेसरचा मॅकबुक एअर आला, त्यात पंखाच नव्हता, तरी तो रोजच्या कामात मागे पडत नव्हता, कारण त्याची विजेची भूकच कमी. वीज कमी म्हणजे उष्णता कमी. पातळ यंत्राचं गणित इथंच सुटतं किंवा बिघडतं: कमी विजेत किती काम करतो?

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. वेग वाढवायला वीज सरळ प्रमाणात लागत नाही. वेग दीडपट करायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि वीज दीडपटीहून बरीच जास्त जाते. म्हणजे शेवटचा थोडासा वेग सगळ्यात महाग. म्हणून उन्हाळ्यात मी सेटिंगमध्ये पॉवर मोड खाली आणतो, सगळ्यात जास्त वेगावरून विजेच्या बचतीवर. सकाळी दहा वाजता लॅपटॉप किंचित सावकाश वाटतो, पण बारा वाजताही तो तसाच चालतो. टायपिंग अडकत नाही, तळहात भाजत नाहीत. वखराच्या बैलाला कोणी सकाळी सकाळी पळवत नाही ना!

आता पारखायचं कसं? त्यासाठी महाग साधन लागत नाही. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, त्यात परफॉर्मन्स आणि मग सीपीयू. तिथं प्रोसेसरचा चालू वेग गिगाहर्ट्झमध्ये हलताना दिसतो. मग सेव्हन-झिप नावाचा फुकटचा, अगदी छोटा प्रोग्राम घ्या. गावातल्या मोबाइल डेट्यावरही चटकन उतरतो. फाईल दाबून लहान करायचा प्रोग्राम आहे तो, पण त्याच्या टूल्समध्ये बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी आहे. तो सगळ्या कोअरना, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच वेळी काम करणाऱ्या भागांना, एकदम कामाला लावतो आणि फेऱ्या मारतो; मध्येच थांबला तर लगेच पुन्हा सुरू करा. पहिल्या मिनिटाचा वेग कागदावर लिहा. पाच मिनिटांनी लिहा. वीस मिनिटांनी लिहा. पहिल्यापेक्षा विसाव्याला थोडा कमी असणारच, ते ठीक आहे. निम्म्यावर आला तर समजा की डब्यावरचा आकडा पटाचा होता. सिनेबेंच आर23 नावाची चाचणी याच कामासाठी प्रसिद्ध आहे, ती मुळातच 10 मिनिटं चालवायची सोय देते. पण तिचं डाउनलोड जड आहे.

एवढं झालं की खरी परीक्षा आपल्याच कामाची घ्यायची. मी असं करतो: ब्राउझरमध्ये वीस टॅब, एका बाजूला एक्सेलची मोठी यादी, व्हॉट्सॲप वेब, एक व्हिडिओ कॉल, आणि स्कॅनरवरून पन्नास पानं. हे सगळं चार्जर काढून. कारण काही लॅपटॉप चार्जर लावलेला असताना एक आणि काढल्यावर दुसरे होतात. दुकानात चार्जर कायम लावलेला असतो, आणि आपल्याकडे लाईन केव्हा जाईल याचा नेम नाही.

प्रोसेसरच्या नावात बरंच काही लपलेलं असतं, ते ओझरतं सांगतो. वरच्या 1235यूसारख्या इंटेलच्या पिढ्यांत शेवटचं यू म्हणजे कमी विजेचा, एच म्हणजे 45 वॅटच्या घरातला. पातळ पत्र्यात एच बसवलेला दिसला तर गरमीचा प्रश्न दोनदा विचारा. एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या 7000 मालिकेत तिसरा अंक बघायचा. रायझन 5 7520यू आणि 7530यू कानाला सख्खे भाऊ वाटतात. पण पहिल्यात जुन्या झेन 2 रचनेचे चार कोअर आहेत, दुसऱ्यात झेन 3 चे सहा. एका अंकाच्या फरकात पिढी बदलली. आणि इंटेलचा एन100 हा 6 वॅटचा, चार छोट्या कोअरचा प्रोसेसर. तो फॉर्म भरायला, शाळेच्या अभ्यासाला पुरतो, त्याच्याकडून व्हिडिओ एडिटिंगची अपेक्षा करू नये.

रॅम म्हणजे चालू कामाचं सामान मांडायची लॅपटॉपमधली जागा. ती समजावताना मी कापसाचं उदाहरण देतो, आमच्याकडे ते लगेच पटतं. भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरून ठेवतात. पुढची खोली छपरापर्यंत भरते. घर तेच, माणसं तीच, पण बाज टाकायची तरी आधी कापूस सरकवा, पाहुणा आला तरी कापूस सरकवा. रॅम भरली की लॅपटॉपचं हेच होतं. जागा करायला तो सामान उचलून एसएसडीवर, म्हणजे फाईली साठवायच्या कायमच्या जागेवर ठेवतो आणि लागलं की परत आणतो. त्या ने-आणीत वेळ जातो. विंडोज 11 ला कागदोपत्री 4 जीबी रॅम चालते. प्रत्यक्षात विंडोज आणि स्क्रीनचं ग्राफिक्स मिळूनच तेवढी जागा व्यापायला येतात. 8 जीबीत एका माणसाचं साधं काम होतं. पण पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते, पुढे वाढवता येत नाही. म्हणून पाच वर्षं वापरायचा असेल तर मी 16 च सांगतो, भले प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी.

एसएसडीबद्दल फार डोकं लावू नका. जुन्या हार्ड डिस्कवरून आलेल्याला कोणतीही एसएसडी उडालेलीच वाटेल. फक्त स्वस्त मॉडेलमध्ये ईएमएमसी नावाची हळू साठवण असते ती टाळा, आणि जागा गच्च भरू देऊ नका.

बॅटरीचं गणित मात्र प्रत्येकानं करून पाहावं. मागच्या स्टिकरवर किंवा माहितीच्या कागदावर वॅट-अवर असं लिहिलेलं असतं, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते. समजा 50 वॅट-अवर आहे आणि कंपनी 10 तास सांगते. 50 भागिले 10 म्हणजे तासाला 5 वॅट. एवढ्यात लॅपटॉप काय करू शकतो? स्क्रीन अर्ध्या उजेडावर ठेवून एकच व्हिडिओ दाखवू शकतो, आणि दावा बहुधा तशाच परिस्थितीतला असतो. आपण ओसरीत बसून उजेड पूर्ण ठेवतो, बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र लावतो, हॉटस्पॉट चालू असतो, मध्येच स्कॅनर. ते 10 वॅटच्या घरात जातं. तास झाले पाच. कंपनीनं फसवलं असं नाही, पण माणूस मनात दहा धरून बसतो.

गरमीनं बॅटरीचं आयुष्यही झिजतं, आणि 100 टक्क्यांवर भरून तापत ठेवली तर जास्त झिजते. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. हिवाळ्यात नसली वापरली तरी चालेल, मार्च ते जून ती चालू ठेवा. भारनियमनाच्या दिवसांत तेवढी 100 पर्यंत भरा. टाईप-सी चार्जिंगचा लॅपटॉप घेतला तर 65 वॅटच्या पॉवर बँकेवरही निभावतं, हा आपल्यासाठी मोठा फायदा आहे.

व्होल्टेजची भीती लोक उलट्या टोकानं धरतात. ओलिताच्या मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी घरचे दिवे मंद होतात आणि लोक घाबरून चार्जर काढतात. चार्जरवर 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं, कमी व्होल्टेज त्याला सोसतं. धोका असतो लाईन परत येते तेव्हाच्या झटक्याचा. त्यासाठी चांगला स्पाइक गार्ड लावा.

तसंच पत्र्याच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला असताना हाताला मुंग्या आल्यासारखं होत असेल, तर बहुतेक वेळा लॅपटॉप बिघडलेला नसतो. घराला नीट अर्थिंग नसतं किंवा चार्जरची पिन दोनच असते, आणि चार्जरमधून निसटणारा अगदी थोडा करंट बॉडीवर येतो. तीन पिनांचा चार्जर वापरा आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकत जा. कोरड्या मातीत अर्थिंग नावापुरतंच उरतं. झटका जोराचा लागत असेल तर मात्र चार्जर काढा आणि वायरमनला बोलवा.

आता माझ्याच लॅपटॉपची पुढची हकीकत. पहिल्या उन्हाळ्यात तो दुपारी बसायचा. पॉवर मोड खाली आणला, तेव्हा सुधारला. पण दिवाळीनंतर, थंडी पडली असतानाही, तो पुन्हा तापायला लागला आणि पंखा घरघरायला लागला. मी महिनाभर त्या कंपनीला दोष देत राहिलो. तालुक्याच्या मेकॅनिकनं मागचं झाकण उघडलं. पंखा आणि तांब्याची फणी यांच्या मधल्या फटीत करड्या रंगाची, नमद्यासारखी घट्ट पट्टी बसली होती. त्यानं चिमट्यानं एक टोक धरलं आणि ती अख्खी पट्टी सलग बाहेर आली, बोटाएवढी लांब. कापसाचा तंतू होता तो. माझं दुकान जिनिंगच्या रस्त्यावर आहे, हंगामात दिवसभर उघड्या गाड्या जातात, घरातही कापूस भरलेला. पंखा ती हवा ओढत होता आणि फणी ती गाळत होती. पट्टी काढून लॅपटॉप लावला तर पंख्याचा आवाज पाच मिनिटांत बसला.

तेव्हापासून मी वर्षातून दोनदा झाकण उघडून घेतो, एकदा कापूस संपल्यावर आणि एकदा पाऊस लागायच्या आधी. तुमच्याकडे संत्र्याची बाग असो की धानाचं खळं, धूळ कुठली ना कुठली असतेच. घेतानाच विचारा की मागचं झाकण साध्या स्क्रूनं उघडतं का. आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका, हवा खालून आत जाते. मागच्या बाजूला लाकडाच्या दोन पट्ट्या सरकवल्या तरी फरक पडतो. कूलरची हवा चालेल, पण कूलरच्या तोंडासमोर नको, पाण्याचे तुषार येतात.

स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. 250 निट्स खोलीत पुरतो. ओसरीत किंवा झाडाखाली बसणार असाल तर 300 ते 400 बघा, आणि चकाकणारी काच टाळा. यूएसबीची जुनी रुंद खाच निदान एक तरी हवी. ठशांचं यंत्र, पेन ड्राइव्ह, प्रिंटर, सगळं अजून त्याच खाचेचं आहे.

यंदा दादाच्या मुलीला अमरावतीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा होता. बसनं जा-ये, म्हणून तिची एकच अट होती, "काका, वजन कमी पाहिजे, बाकी तुम्ही पाहा." आम्ही तिघं यवतमाळला गेलो. दादा दोन डबे शेजारी ठेवून म्हणाला, "अबे, याच्यावर 4.4 लिहून आहे, त्याच्यावर 4.1. मंग मोठाच घेऊ ना!" मी दुकानदाराला अर्धा तास मागितला. दोन्हींवर सेव्हन-झिप लावलं, पुतणीनं मोबाइलवर घड्याळ लावलं आणि बिलाच्या कोऱ्या कागदावर आकडे मांडत गेली. पहिल्या मिनिटाला 4.4 वाला पुढे. बाराव्या मिनिटाला दोघे बरोबर. विसाव्याला 4.1 वाला पुढे, आणि तेही एसीच्या दुकानात. दादानं कागद दोनदा वाचला आणि काही न बोलता 4.1 चा डबा उचलला. 1.4 किलो, 16 जीबी.

घरी आल्यावर टिनाखाली, भर दुपारी तीच चाचणी पुन्हा केली. दुकानापेक्षा आकडे खाली आले, पण निम्म्यावर गेले नाहीत. मग तिला कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे विंडोजला टाईप करून हुकूम द्यायच्या खिडकीतून, बॅटरी रिपोर्ट काढायला शिकवलं: पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ, आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट. त्यात दोन आकडे येतात, बॅटरी बनवली तेव्हाची क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची. तिनं दोन्ही आकडे बिलाच्या मागे लिहिले, खाली तारीख टाकली आणि विचारलं, "काका, हे परत कधी काढायचे?" मी म्हटलं, "पुढच्या अक्षय तृतीयेला." तिनं तेही लिहून घेतलं.